पुढच्या ब्रेकचे भय

सायकल शिकणाऱ्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे एक सल्ला हमखास देतात : ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटून पडशील.’ हा उपदेश मायेपोटी दिलेला असतो, यात शंका नाही. परंतु ते अर्धसत्य आहे, आणि रस्त्यावर अर्धसत्याची किंमत फार मोठी पडते.

सोलापूर-होटगी रस्त्याचेच उदाहरण घ्या. लोहमार्गाला जेथे विजयपूर-गदगचा फाटा फुटतो, त्या या गावाकडे सिमेंटची अवजड वाहतूक सुरू असते. गळिताचा हंगाम आला, की उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची तीत भर पडते. याच वाहतुकीच्या कडेने कॅरियरला दप्तर लावून शाळकरी मुले-मुली जातात, कामगार जातात आणि अरुंद टायरांच्या शर्यतीच्या सायकली घेतलेले हौशी तरुणही जातात. यांच्यापैकी कितीजणांना आपली सायकल ऐनवेळी किती अंतरात थांबेल, हे ठाऊक असते?

यामागील शास्त्र अवघड नाही. ब्रेक लावताच स्वाराचा भार पुढच्या चाकावर झुकतो व मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक रस्ता घट्ट धरू शकत नाही. ब्रेक अधिक आवळला तर ते नुसते घसरत जाते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकने थांबवायची, तर सुमारे ६ मीटर अंतर लागते. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ते निम्म्यावर येते. वेग दुप्पट झाला, की हेच अंतर चौपट होते. वाचलेले ३ मीटर म्हणजे कित्येकदा ट्रॉलीची मागची कड आणि मुलाचे डोके यांतील अंतर होय.

मग लोक उलटून पडतात ते का? ब्रेक एकदम आवळला जातो आणि सैल हातांनी बसलेला स्वार पुढे फेकला जातो म्हणून. त्यावर उपाय ब्रेक टाळणे हा नव्हे. हात ताठ करून शरीर किंचित मागे न्यावे, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा मात्र क्रमाक्रमाने दाबत जावे, आणि मागचे चाक घसरू वा उचलू लागताच पुढची पकड थोडी सैल करावी. वळण असेल तर वेग वळणाच्या आधीच कमी करावा. वाळू-खडीवर पुढचा ब्रेक जपून वापरावा. पावसात चकचकीत लोखंडी रिम भिजली, की रबराची पकड फारच घटते. म्हणून थांबण्याच्या पुष्कळ आधी ब्रेक हलकेच टेकवून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे. रिकाम्या मैदानावर अर्धा तास हा सराव केला, तरी जो विश्वास येतो तो महागड्या सायकलीनेही विकत मिळत नाही.

अर्थात कौशल्याला यंत्राची साथ हवी. झिजलेले रबर, सैल पडलेली तार, मुठीला टेकणारी ब्रेकची दांडी, हे दोष घरबसल्या दिसतात आणि अल्प खर्चात दूर होतात. ट्रकला योग्यतेचा दाखला लागतो. सायकलला तो नाही, आणि असावा असेही आमचे म्हणणे नाही. पूर्वी बिल्ला नसला, रात्री दिवा नसला अथवा डबलसीट दिसले, की पोलीस सायकलस्वाराला अडवीत. ब्रेक लागतो की नाही, याची चौकशी मात्र क्वचितच होई. ती उपेक्षा आजही संपलेली नाही. आपण मुलांना सायकल देतो, ती थांबवायला शिकवत नाही.

दोष सायकलस्वाराचा नसून बेफाम वाहनांचा आणि अरुंद रस्त्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. ते बहुतांशी खरेच आहे. सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा मिळावा, ही मागणी न्याय्य असून ती सोडता कामा नये. पण पट्टा होईल तेव्हा होईल; मुलाला उद्या सकाळी शाळेत जायचे आहे. तोवर जे आपल्या हाती आहे, ते अक्षरशः हाताच्या मुठीतच आहे. सायकलींनी येणारी मुले असलेल्या प्रत्येक शाळेने वर्षातील एक शनिवार यासाठी द्यावा : मैदानावर चुन्याची रेघ आखावी, गावातल्या सायकल दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे आणि प्रत्येक मुलाकडून रेघेच्या आत थांबण्याचा सराव करून घ्यावा.

खंडेनवमीला आपण सायकल धुतो, तेल देतो, झेंडूची माळ घालतो. त्या तेलाचा थेंब रिमवर पडू न देणे आणि माळ घालण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहणे, हाही त्या पूजेचाच भाग मानायला काय हरकत आहे?