पहिल्या विमानाचे अर्थकारण

लढाऊ विमानांच्या खरेदीचा विषय निघाला की संसदेत वादळ उठते आणि वृत्तपत्रांचे रकाने भरून वाहतात. परंतु वायुदलाचा नवा छात्र ज्या साध्या, दोन आसनी प्रशिक्षण विमानात प्रथम बसतो, त्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात त्याला स्थान नसते, हेही त्याचे एक कारण असावे. वस्तुतः वैमानिक घडतो तो याच विमानात. आणि आपल्याकडील नियोजनाच्या काही अत्यंत महागड्या चुकाही या क्षेत्रातच झाल्या आहेत.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून तीन वर्षांनी बाहेर पडलेला छात्र आणि पदवीनंतर थेट निवडला गेलेला उमेदवार, दोघेही हैदराबादजवळील दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत एकाच पायरीवर येऊन उभे राहतात. तत्पूर्वी त्यांनी वैमानिकाची अभियोग्यता चाचणी पार केलेली असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. एकदा अपयश आले की वैमानिक होण्याचे दार कायमचे बंद. नियम निष्ठुर वाटतो खरा, पण त्यामागे हिशेब आहे. हात, डोळे आणि अवधान यांचा मेळ ज्याला साधत नाही असा उमेदवार उशिरा लक्षात आला, तर इंधन आणि प्रशिक्षकाचा वेळ तर वाया जातोच. कधी जीवही जातो.

नागरी वैमानिकाचा परवाना मिळविण्यास आज कित्येक लाख रुपये मोजावे लागतात. कारकुनाच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या मुलाला, आणि लढाऊ विमानांचे क्षेत्र २०१६ मध्ये स्त्रियांना खुले झाल्यापासून मुलीलाही, आकाशाकडे जाणारा परवडणारा मार्ग वायुदलाचाच आहे. महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती याच वर्गाकडे पाहून. तेव्हा दुंडिगलच्या धावपट्टीवर काय घडते, हा केवळ सेनाधिकाऱ्यांच्या चिंतेचा विषय नव्हे.

आरंभ तर चांगला झाला होता. डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेल्या एचटी-२ विमानाने १९५१ मध्ये पहिली झेप घेतली. त्याच्यावर वैमानिकांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्यानंतर आलेल्या एचपीटी-३२ विमानाचे इंजिन मात्र हवेतच बंद पडण्याची तक्रार वारंवार होत राहिली. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडल्यावर ती विमाने जमिनीवर उतरविण्यात आली. पर्याय हाताशी नव्हता. ज्यांनी अद्याप पंख्याचे विमानही चालविले नव्हते अशा छात्रांना थेट किरण या जेट विमानावर बसवावे लागले. स्वित्झर्लंडच्या ७५ पिलाटस विमानांचा करार झाला तो २०१२ मध्ये.

प्रगत प्रशिक्षणाची कथा याहून उद्वेगजनक आहे. किरणवरून उतरलेला तरुण एकदम मिग-२१ सारख्या, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकणाऱ्या विमानात जाई. मधली पायरीच नव्हती. ती हवी, हे १९८२ मध्ये नेमलेल्या समितीने स्पष्ट सांगितले होते. हॉक विमानांचा करार मात्र २००४ मध्ये झाला आणि ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. या विलंबात वाचलेला पैसा कोणत्या तरी खात्यावर 'बचत' म्हणून दिसला असेल. गमावलेली विमाने आणि माणसे यांची नोंद दुसऱ्याच खात्यावर झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकविला जाणारा संधित्यागाचा खर्च शासनाच्या जमाखर्चात कधी उतरत नाही, तो असा.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या डिसेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या अहवालाने हेच आकड्यांत मांडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये वायुदलाला ४८६ वैमानिक कमी पडत होते. २०२१ अखेर ही तूट ५९६ वर गेली. मधल्या काळात दरवर्षी २२२ छात्र घेण्याचे ठरले होते, प्रत्यक्ष भरती त्याहून कमीच राहिली. पिलाटस विमानांपैकी काहींच्या इंजिनांतून तेल गळत असल्याचेही त्यात नमूद आहे. वैमानिक कारखान्यात जादा पाळी लावून तयार होत नाही. आज चुकलेला छात्र पुढे स्क्वाड्रनमधील रिकामी जागा बनून समोर येतो.

एचटीटी-४० या स्वदेशी विमानाने २०१६ मध्ये उड्डाण केले आणि मार्च २०२३ मध्ये अशा ७० विमानांना मंजुरी मिळाली, ही समाधानाची बाब आहे. स्वदेशीचा आग्रह योग्यच; पण किरणची जागा घेण्यासाठी बनविलेले सितारा २००३ मध्ये प्रथम उडाले, आणि वीस वर्षे उलटूनही सेवेत येऊ शकले नव्हते, हेही विसरता येत नाही. जुने विमान केव्हा निवृत्त होणार हे कित्येक वर्षे आधी माहीत असते. त्या तारखेला नवे विमान तयार असेल की नाही, आणि नसल्यास छात्र कशावर शिकणार, याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाने दरवर्षी अनुदानाच्या मागण्या मांडतानाच संसदेला दिले पाहिजे. प्रत्येक छात्राला प्रत्यक्षात किती तास उड्डाण मिळाले, हा एकच आकडा त्या निवेदनात असला तरी आरंभाला तो पुरेसा आहे.