पाठमोरे नृत्य



भातखाचरांवर पहाटेचे धुके उतरू लागले आणि हलक्या धानाची कापणी उरकत आली, की पूर्व विदर्भातील आमच्या झाडीमुलखास मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे, वेध लागतात. आणि दिवाळीचा पाडवा उलटताच गावोगावच्या रात्री जाग्या होतात. आमचा चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुका हा मूळचाच सरहद्दीचा. वर्धा आणि वैनगंगा याच तालुक्याच्या कडेस एकमेकींना भेटून प्राणहिता होतात. नदीपलीकडे तेलुगूचा अंमल, उगवतीस माडिया आदिवासींचे अरण्य, आणि मावळतीस १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा राजुरा. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाची दृष्टी आपोआपच विशाल होत असेल, असे कोणासही वाटावे. परंतु शेजार निराळा आणि परिचय निराळा, हे आम्हांस फार उशिरा उमगले, आणि ते शिकविले एका नृत्याने.

गतवर्षी एकाच मांडवात, एकाच रात्री, चार प्रकारची नृत्ये पाहण्याचा योग आला. प्रथम गोवारी आले. डफ आणि बासरी यांच्या संगतीने त्यांनी आपल्या दैवतस्वरूप ढालीपुढे फेर धरला, आणि त्यांचे चित्त सर्वस्वी त्या ढालीपाशी होते. मागाहून दंडार, म्हणजे झाडीचे लोकनाट्य, उभी राहिली. लुगडे नेसलेल्या पुरुषाने पदर सावरीत साऱ्या गावाशी सलगीने संवाद मांडला. त्यानंतर एका मुलीने भरतनाट्यम् केले. हे नृत्य मद्रासकडचे, असे शेजारची मंडळी कुजबुजली. तेव्हा आम्हांस तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचे स्मरण झाले. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत ज्यांनी नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली, आणि या नृत्याचा आजचा क्रम ज्या चार बंधूंच्या नावे सांगितला जातो, त्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू यांना ज्यांच्या दरबारी आश्रय लाभला, ते हे भोसले कुळातील नृपती. ज्यास आपण परके म्हणून दूर सारतो, त्याच्या घरात आपलीच भाषा दोन शतके नांदत असावी, याहून आत्मपरीक्षणास प्रवृत्त करणारी गोष्ट कोणती?

शेवटी माडिया मुली आल्या. एकमेकींच्या कमरेस हातांचा विळखा घालून त्यांनी रेला नृत्याचे वर्तुळ धरले, आणि प्रेक्षकांच्या वाट्यास त्यांच्या पाठी आल्या. पुढच्या रांगेतून कोणी ओरडले, "इकडं तोंड करा ना जी!" निवेदकानेही तीच विनंती केली. मुलींनी संकोचून वर्तुळ उकलले आणि अर्धचंद्राकार उभ्या राहिल्या. पण गाणे रंगात आले, पावले मातीत रुजू लागली, तशी ती दोन टोके कोणाच्याही नकळत एकमेकांकडे सरकली आणि वर्तुळ पुन्हा मिटले.

आमच्या भाषेत पाठ फिरविणे म्हणजे अवमान करणे. त्या क्षणी मात्र ध्यानात आले, की यात कोणाचाच अवमान नव्हता. ते नृत्य आमच्यासाठी नव्हतेच. सभेस सामोरे जाणारे नृत्य, दैवतास सामोरे जाणारे नृत्य, आणि एकमेकांस सामोरे जाणारे नृत्य असे हे भिन्न धर्म आहेत. आणि केवळ आपल्यापुढे मांडलेले तेवढेच नृत्य, असे मानणारा प्रेक्षक आपल्या आसनास विश्वाचा मध्य समजत असतो. याच दिवाळीच्या दिवसांत जिवतीच्या डोंगरात आणि पलीकडे आदिलाबादेत राजगोंडांचे गुसाडी नर्तक मोरपिसांचे मुकुट घालून परगावी पाहुणे म्हणून नाचावयास जातात. तेथे पाहणारे गाव हे प्रेक्षक नसून यजमान असते. मारलवाईच्या कनक राजू यांना या नृत्याच्या सेवेसाठी २०२१ साली पद्मश्री लाभली, याचा आनंद आहेच; परंतु पाहुण्यांच्या स्वागतापुरते आदिवासींस मांडवात उभे करून दोन फेऱ्यांत आटोपते घेण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, तिने नृत्याचा सन्मान होत नाही आणि पाहणाऱ्याचे डोळेही उघडत नाहीत. नृत्यास त्याचा वेळ आणि त्याचा आकार दिला पाहिजे.

त्या रात्री आम्ही खुर्ची सोडून वर्तुळाभोवती फिरलो. मुखे दिसतील अशी जागा शोधीत होतो. ती कोठेच नव्हती. कोठेही उभे राहिले तरी जवळच्या मुलींची पाठ आणि दूरच्या मुलींचे मुख दिसे. आपल्या सरहद्दीच्या मुलखाचे याहून यथार्थ चित्र आम्हांस अन्यत्र आढळले नाही: ज्यांच्या शेजारी आपण जन्मभर राहिलो त्यांची मुखे पाहावयाची, तर त्यांच्या वर्तुळाभोवती आपणच फिरले पाहिजे.

प्रस्तुत दिवाळी अंकातील लेखन निरनिराळ्या बोलींतून आणि वस्त्यांतून आले आहे. काही आपणांस सामोरे येईल, काही पाठमोरे भासेल. त्या पाठमोऱ्यास अधिक अवधी द्यावा, ही नम्र विनंती. आणि भाऊबीज आटोपल्यावर जवळच्या मंडईस अवश्य जावे. ज्याची भाषा आपणांस येत नाही असे एक तरी नृत्य अखेरपर्यंत, उभ्याने, सावकाश पाहावे.