कोसळण्याची जागा आणि चुकीची जागा

जो विभाग कोसळला त्याच्याच कर्त्याने चूक केली, हा समज संगणकाच्या क्षेत्रातही घट्ट रुजला आहे. मेमरी करप्शन या नावाने ओळखले जाणारे दोष तो सपशेल खोटा पाडतात. त्या क्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांशी म्हणूनच याविषयी बोलावे, असे आम्हांस वाटते.

सी भाषेतील एखादी आज्ञावली दहा बाइटांची जागा मागून घेते आणि तीत बारा बाइट लिहिते. भाषा तिला अडवीत नाही. जादा दोन बाइट शेजारच्या माहितीवर जाऊन पडतात. त्या क्षणी बहुधा काहीच घडत नाही. पुढे केव्हातरी दुसराच विभाग ती बिघडलेली माहिती वाचतो आणि कोसळतो. ठपका मात्र त्या निरपराध विभागाच्या कर्त्यावर, आणि तो नवखा असेल तर अधिकच तत्परतेने! शोधासाठी एखादी ओळ वाढवावी, तर स्मृतीची मांडणी बदलून दोषच दिसेनासा होतो.

१९८८ च्या नोव्हेंबरात कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ अमेरिकेतील हजारो संगणकांत शिरला. त्याची एक वाट अशीच होती: ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट कोंबले. जागेची मर्यादा न पाहणारी ‘गेट्स’ ही आज्ञा त्यास कारण झाली. सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून ती वगळली गेली २०११ साली. कारण ठाऊक असूनही तेवीस वर्षे! इतिहासाच्या अभ्यासकाला याचे फारसे नवल वाटणार नाही.

आज पुरावा मिळविण्याची साधने आहेत. व्हॅलग्राइंड त्यांपैकी जुने. गूगलच्या अभियंत्यांनी घडविलेले ॲड्रेससॅनिटायझर प्रत्येक जागेभोवती निषिद्ध पट्टी आखते. तीवर पाऊल पडताच ते आज्ञावली थांबवते आणि मर्यादा कोणत्या ओळीने ओलांडली, ती जागा मुळात कोणी मागितली होती, हेही दाखवते. आज्ञावली सुमारे दुप्पट वेळ घेते, एवढेच. निरपराधाची नोकरी त्याहून मोलाची आहे. असा अहवाल समोर आल्यावाचून आमच्या विद्यार्थ्यांनी ठपका स्वीकारू नये आणि दुसऱ्यावर ठेवूही नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेच्या संगणक कक्षात यावे आणि एक दोष मुद्दाम पेरून तो नववी-दहावीच्या मुलामुलींकडून शोधवून घ्यावा, ही विनंती.