रुपयाचा प्रश्न आणि अर्थमंत्र्याची खुर्ची

डॉइश बँकेतून राजकारणात आलेले साजिद जाविद २०१९ साली ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी गोल्डमन सॅक्समध्ये उमेदवारी केलेले ऋषी सुनक त्या खुर्चीवर बसले. तेव्हापासून हाउन्सलोतील भारतीय दिवाणखान्यांत ‘गुणवत्ता’ हा शब्द फार ऐकू येतो. मराठी मंडळी असतील तर चिंतामणराव देशमुखांचे नाव हटकून निघते आणि पुढचे वाक्यही ठरलेले असते : पाहा, राखीव जागांवाचून माणसे कशी वर जात होती!

देशमुखांविषयी आम्हांस आदरच आहे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९४९ साली त्या बँकेचे राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले, १९५५ साली ते अर्थमंत्री असताना स्टेट बँक जन्मास आली आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. इतका ताठ कणा दिल्लीत विरळाच! आमचा वाद त्यांच्याशी नाही. त्यांच्या नावाने जो दाखला दिला जातो, त्याच्याशी आहे.

१९१२ साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना तीच संस्कृत शाळेत नाकारली गेली होती. त्यांना फारसी घ्यावी लागली. शिडीची पहिली पायरी कोणासाठी होती, हे येथेच उघड होते. पुढे केंब्रिज, आय.सी.एस., १९४३ साली गव्हर्नरपद, १९५० साली अर्थमंत्रिपद. केंब्रिजला देशमुखांचा विषय होता निसर्गविज्ञान. पारितोषिक मिळविले ते वनस्पतिशास्त्रात! मी वैद्यकाचा माणूस, वनस्पतिशास्त्राला कमी कसे लेखू? पण ‘गुणवत्ता’वाल्यांनी याचा हिशेब द्यावा.

बाबासाहेबांना १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली स्वतःची शिल्लक आणि उसनवारी यांच्या बळावर ते पुन्हा आले. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरासमोर आपण सहकुटुंब छायाचित्रे काढतो, तेथे राहून त्यांनी अभ्यास केला तो घटनेचा नव्हे, चलनाचा. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, लंडनची डी.एस्सी. मिळाली. रुपयाचा भाव पडला म्हणजे व्यापाऱ्याच्या पदरात जे पडते, ते मजुरीवर जगणाऱ्याच्या ताटातून गेलेले असते, हे त्यात मांडले आहे. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. आपल्या फलकांवर त्यांना सरसकट ‘रिझर्व्ह बँकेचे संस्थापक’ म्हणतात. ही अतिशयोक्ती कशासाठी? ग्रंथ वाचला असता तर तिची गरजच पडली नसती.

१९५० साली जॉन मथाईंनी अर्थखाते सोडले. त्याच मंत्रिमंडळात लंडनचा हा डी.एस्सी. कायदामंत्री म्हणून बसला होता. खाते मंत्रिमंडळाबाहेरील देशमुखांकडे गेले. अर्थखाते राहो, नियोजन खाते देण्याचे पंतप्रधानांचे आश्वासन पाळले गेले नाही आणि आर्थिक समितीतूनही आपल्याला वगळले, असे बाबासाहेबांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात स्पष्ट नोंदविले आहे. पुढच्या बैठकीत कोणी देशमुखांचा दाखला दिलाच, तर हे निवेदन त्याच्या हाती द्यावे आणि चहा थंड होईतो उत्तराची वाट पाहावी.