निळ्या बाळाचा सीटी कुणी करायचा?

रडताना बाळाचे ओठ निळे पडतात, दूध ओढताना दम लागतो, वजन वाढत नाही. अशा बाळाच्या आईला वस्तीत दोन उत्तरे हमखास मिळतात: मागच्या जन्माचे भोग, नाहीतर गरोदरपणात ग्रहण पाळले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही ही भाषा ऐकू येते, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडते. त्या घडणीत एखादा पडदा अर्धवट राहतो, एखादी रक्तवाहिनी चुकीच्या जागी जोडली जाते. हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांना असा दोष असतो. यात आईचा गुन्हा काय?

निदानाची पहिली पायरी टूडी इको. त्यात छिद्रे आणि झडपा दिसतात, क्ष-किरण लागत नाहीत. पण हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांपुढे फुप्फुसातली हवा आणि बरगड्या आड येतात. फुप्फुसाकडे जाणारी धमनी किती अरुंद आहे, महाधमनीची कमान कुठे आवळली आहे, हे सर्जनला चिरा देण्याआधी कळावे लागते. तिथे सीटी लागतो. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात, काही सेकंदांत चित्रे निघतात, संगणक त्यांतून हृदयाची त्रिमितीय आकृती उभी करतो. एमआरआयसाठी बाळाला बराच वेळ निश्चल ठेवावे लागते, म्हणजे बहुधा भूल. नव्या सीटी मशीनवर ती पुष्कळदा टळते.

धोकाही आहे. क्ष-किरणांचा परिणाम लहान मुलांवर मोठ्यांपेक्षा जास्त होतो. साध्या छिद्राला बहुतेक वेळा इको पुरते. म्हणून विचारायचे: इकोत काय दिसले नाही म्हणून सीटी हवा? मशीन बाळाच्या वजनाप्रमाणे कमी डोसवर लावणार का? प्रश्न विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही.

निळ्या बाळांचा इतिहास आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावा. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा बाळावर पहिली शस्त्रक्रिया झाली. सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक. त्यांच्या मागे स्टूलवर उभे राहून सूचना देत होते व्हिव्हियन थॉमस, कॉलेजची पदवी नसलेले कृष्णवर्णीय तंत्रज्ञ. ही शस्त्रक्रिया त्यांनीच प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवली होती. त्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात संशोधकाचे काम करूनही त्यांचा पगार सफाई कामगाराच्या हुद्द्याचा होता. जोडणीला नाव पडले ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचे. थॉमस यांचे नाव त्यात येऊ लागले फार उशिरा. आज ती जोडणी उघडी आहे की बुजली, हे तपासायलाही सीटी वापरतात. हात आपल्यासारख्यांचे, नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता महाराष्ट्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. अंगणवाडी आणि शाळेत पथक येते, जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पथक गावात कधी येते, हे किती शाखांना माहीत असते? १४ एप्रिलच्या डीजेचे बिल आणि एका बाळाच्या सीटीचे बिल एकदा शेजारी ठेवून बघा. मात्र वर्गणी काढून सीटी करणे हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. तातडीच्या उपचाराची जबाबदारी पैसे नाहीत म्हणून सरकारला टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात कलम २१ च्या आधारे सांगितले आहे. त्या निकालामागे शेतमजुरांची संघटना होती.

तेव्हा आपल्या जिल्हा रुग्णालयाला विचारा: सीटी मशीन चालू आहे का, गेल्या वर्षी किती दिवस बंद होते, लहान मुलांच्या हृदयाचा सीटी होतो का, होत नसेल तर मूल कुठे पाठवतात आणि गाडीभाडे कोण देते. माहिती अधिकाराचा अर्ज एका पानात बसतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही.