डोळ्यांदेखत बनणारं सँडविच

मुंबईत सँडविचच्या ठेल्यापुढे उभं राहिलेलं गिऱ्हाईक क्वचितच गप्प असतं. "भैया, तिखट कमी." "कांदा-बटाटा नको, जैन करा." "बीट काढा, काकडी वाढवा." "टोस्ट कडक हवा, पण करपवू नका." चर्चगेटला एच. आर. आणि के. सी. कॉलेजांच्या परिसरात, विलेपार्ल्यात मिठीबाईच्या आसपास, फोर्टातल्या बँकांच्या गल्ल्यांत, घाटकोपरच्या खाऊगल्लीत दिवसभर हीच बोलणी कानावर पडतात. हॉटेलात मेनूकार्डावर मुकाट बोट ठेवणारा माणूस ठेल्यावर आला की स्वतःच्या खाण्याबद्दल ठामपणे बोलू लागतो. इथे त्याचं ऐकलं जातं आणि ऐकलं की नाही, हे त्याला तिथल्या तिथे दिसतं.

काय काय दिसतं? पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस फळीवर पडतात. त्यांवर लोणी फिरतं आणि जाणतं गिऱ्हाईक इथेच नजर लावून असतं, कारण लोणी कोपऱ्यांपर्यंत पोचायला हवं. ते नुसतं चवीसाठी नसतं. चटणीचं आणि काकडीचं पाणी ब्रेडमध्ये शिरू नये म्हणून घातलेला तो बांध असतो. कोपरा कोरडा राहिला की तिथला घास लिबलिबीत झालाच म्हणून समजा. लोण्यावर कोथिंबीर, पुदिना आणि मिरचीची हिरवी चटणी. मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. सराईत सँडविचवाला काकडी डाव्या हातात धरून ब्रेडवरच चकत्या पाडतो आणि मध्ये मध्ये चिमटीने मसाला भुरभुरवतो. टोस्ट हवा असेल तर सगळा डोलारा लांब दांड्यांच्या ॲल्युमिनियमच्या टोस्टरमध्ये बंद होतो, बाहेर डोकावणाऱ्या कडा सुरीने छाटल्या जातात आणि टोस्टर शेगडीवर उलटसुलट होतो. बाहेर आल्यावर वरून पुन्हा लोणी, सुरीचे खटाखट तीन घाव, सहा तुकडे, बारीक शेव. शेवटचे दोन तुकडे उरले की पुन्हा चटणी मागायची. तिचे वेगळे पैसे कोणी लावत नाही.

या सगळ्यात गिऱ्हाईक खाणाऱ्याइतकंच देखरेख करणारंही असतं. शहरातल्या इतर खाण्याच्या जागांनी ग्राहकाकडून हा हक्क हळूहळू काढून घेतला आहे, म्हणून ठेल्यावरचा हा व्यवहार जपायला हवा, असं या स्तंभाचं स्पष्ट मत आहे.

मोठ्या साखळ्यांची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने सबवेच्या 'फूटलाँग' सँडविचवर मोजपट्टी ठेवून फोटो टाकला. पट्टी अकरा इंच दाखवत होती. तो फोटो जगभर फिरला आणि अमेरिकेत कंपनीवर दावे दाखल झाले. तपासात असं पुढे आलं, की कणकेचा गोळा ठरल्या वजनाचाच असतो, भाजताना ब्रेड कमी-जास्त फुगतो, त्यामुळे ग्राहकाच्या पोटात जाणारं अन्न तेवढंच राहतं. २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने या दाव्यांमधली तडजोड फेटाळली, कारण तीतून ग्राहकांच्या हाती काहीच पडत नव्हतं. एक इंचाच्या शंकेला उत्तर मिळायला चार वर्षं आणि वकिलांची फौज लागली.

भारतातही २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा मॅकडोनाल्डच्या अनेक दुकानांत टोमॅटो मिळणार नसल्याच्या नोटिसा लागल्या. त्याच वर्षी सबवेने सँडविचमध्ये फुकट मिळणारी चीजची स्लाइस बंद करून तिचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. महागाई ठेलेवाल्यालाही चुकत नाही. फरक एवढाच, की त्याच्याकडे टोमॅटोची चकती पातळ झाली तर ती पातळ होताना दिसते. गिऱ्हाईक विचारतं, तो मंडईतला भाव सांगतो. कोणी काकडी वाढवून घेतं, कोणी दोन रुपये जास्त देतं. वाटाघाट समोरासमोर होते आणि तिथेच मिटते.

चीजची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०२४ च्या सुरुवातीला राज्यात एक प्रकरण गाजलं. अहमदनगरमधल्या एका आंतरराष्ट्रीय बर्गर साखळीच्या शाखेने चीजऐवजी चीजसारखा दिसणारा पर्याय वापरला, असा ठपका अन्न व औषध प्रशासनाने ठेवला. कंपनीने आरोप नाकारले आणि आपण अस्सल चीजच वापरतो, असं ठासून सांगितलं. निवाडा व्हायचा तो तपासणीवर आणि कागदपत्रांवर. बर्गर खाणाऱ्याला त्यातलं काहीच पडताळता येण्यासारखं नव्हतं. उलट सँडविचवाले लोण्याचं आणि चीजचं वेष्टन मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवतात, पाटीवर 'अमूल' ठळक रंगवून घेतात आणि किसणी गिऱ्हाइकासमोर चालवतात. भरवसा कुठून येतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलेलं नाही.

पण ठेल्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. डोळ्यांसमोर दिसते ती जोडणी. तयारी दिसत नाही. चटणी पहाटे कुठल्या पाण्यात वाटली, बटाटे किती वाजता उकडले, चिरण्याची फळी शेवटची कधी धुतली, याचा पत्ता समोर उभं राहून लागत नाही. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. एप्रिल-मेच्या मुंबईत सकाळी सोललेला बटाटा दुपारी चारपर्यंत उघड्या ताटलीत राहिला तर तो नियम केव्हाच मोडलेला असतो. वर्तमानपत्राच्या कागदाचंही तसंच. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तो कागद वापरायला बंदी केली, ती २०१९ च्या जुलैपासून लागू आहे. तरी काही ठेल्यांवर सहा तुकडे अजून बातम्यांवरच येतात आणि शिकलीसवरलेली गिऱ्हाइकं चकार शब्द काढत नाहीत. कांदा नको हे सांगायला कोणी लाजत नाही. कागद नको, ताटली द्या, हे सांगायलाही लाजू नये.

मात्र सगळा दोष ठेलेवाल्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ज्याला उद्या याच जागेवर उभं राहता येईल की नाही याची खात्री नाही, तो नळ कुठून आणणार आणि बर्फाची पेटी कशाच्या भरवशावर घेणार? पालिकेची गाडी दिसताच सामान आवरून पळायचं असेल, तर माणूस कमीत कमी भांडी ठेवतो आणि कमीत कमी पाणी बाळगतो. अस्वच्छतेचं एक मोठं कारण ही अस्थिरता आहे.

कायद्याचा पेच इथेच आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्यानंतर फेरीवाल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर, तर शाळा-कॉलेजं, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं बजावलं. चालणाऱ्याला वाट हवीच, त्यात वाद नाही. पण सँडविचचं गिऱ्हाईक असतं कुठे? कॉलेजच्या दाराशी आणि स्थानकाच्या तोंडाशी.

दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावं आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत. त्यातच जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम स्वनिधी योजना आणली आणि टाळेबंदीत कोलमडलेल्या विक्रेत्यांना पहिल्या टप्प्यात दहा हजारांचं कर्ज देऊ केलं. एक हात धंद्यासाठी भांडवल देतो आणि दुसरा हात धंद्याची जागा काढून घेतो, हे कुठल्याही शहराला परवडणारं नाही.

यातून वाट निघते, हे शेजारच्या राज्यांनी दाखवलं आहे. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांना २०१८ मध्ये देशातलं पहिलं 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी इंदूरच्या छप्पन दुकानलाही ती मिळाली. तिथली सूत्रं साधी आहेत: विक्रेत्यांना स्वच्छतेचं प्रशिक्षण द्यायचं, पाण्याची आणि कचऱ्याची सोय करायची, त्रुटी दाखवून त्या दुरुस्त करून घ्यायच्या आणि मगच शिक्का मारायचा. आधी हाकलून मग सुधारा असं तिथे कोणी म्हटलं नाही.

मुंबईत एवढं करायला काहीच अवघड नाही. प्रभागवार पदपथाची रुंदी मोजावी, चालणाऱ्यांची वाट सोडून उरलेल्या जागेत चौकोन आखावेत. जिथे खाण्याचे ठेले उभे राहणार तिथे आठ-दहा ठेल्यांमागे पिण्याच्या पाण्याचा एक नळ, सांडपाण्याला मोरी आणि झाकणाची कचरापेटी द्यावी. विक्रेत्याचं प्रमाणपत्र आणि अन्न नोंदणीचा क्रमांक ठेल्याच्या दर्शनी भागावर लावणं सक्तीचं करावं. म्हणजे तपासणीला येणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला निदान विक्रेत्याचा ठावठिकाणा सापडेल. आणि तिखट कमी करायला सांगता सांगता एखाद्या गिऱ्हाइकाने चटणीत पाणी कुठलं वापरता असं विचारलं, तर सँडविचवाल्याला बाजूच्या नळाकडे बोट दाखवता येईल.