दुकानदाराचा मुलगा मुलाखतीला जातो

बर्गर किंवा पिझ्झा विकणाऱ्या साखळी उपाहारगृहात अगदी खालच्या पायरीवरील नोकरीसाठी होणारी मुलाखत बहुधा पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. उमेदवार अठरा-एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला. समोर त्या शाखेचा व्यवस्थापक, जो अनेकदा अशाच एखाद्या काउंटरवरून वर आलेला असतो. प्रश्न साधे असतात. तरीही व्यापारी घरातील मुले तेथे अडखळतात. त्यांना काही ठाऊक नसते म्हणून नव्हे. जे ठाऊक आहे ते सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो म्हणून.

‘पूर्वीचा काही अनुभव?’ असे विचारताच ठरलेले उत्तर येते, ‘नाही, फक्त घरचे दुकान आहे.’ त्या एका ‘फक्त’मध्ये केवढे तरी गडप होते! सणाच्या गर्दीत तीन गिऱ्हाइकांना एकाच वेळी सांभाळणे, सुटे पैसे बिनचूक देणे, मुदत पाहून जुना माल पुढे मांडणे, रात्री गल्ला जुळवणे. उपाहारगृहाच्या शीतकपाटातही आधी आलेला माल आधी वापरायचा हाच नियम असतो. नेमणूकपत्र नसले म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. ‘चार दिवाळ्या गल्ल्यावर बसलो आहे’ एवढे वाक्य व्यवस्थापकाला पुरते.

संकोचाचे मूळ घरात असते. मालकाच्या मुलाने दुसऱ्याची चाकरी करावी, हे वडिलांना रुचत नाही. वास्तविक मुलाला आपल्या गादीवर बसवण्यापूर्वी परिचिताच्या पेढीवर उमेदवारीस धाडण्याची रीत व्यापारी घराण्यांना नवी नाही. बापाच्या दुकानात मालकाच्या मुलाची चूक मुनीमजी दाखवत नाहीत, परक्या पेढीवर ती लगेच दाखवली जाते. रीतीमागचा हिशेब एवढाच होता. ऑस्ट्रेलियातील चार्ली बेल हा मुलगा पंधराव्या वर्षी सिडनीतील एका मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला लागला आणि २००४ मध्ये त्या जागतिक कंपनीचा प्रमुख झाला. प्रत्येकाचे असे होत नाही हे उघड आहे. पण कामाची पायरी खालची म्हणून ती चढणारा खालचा, हे खरे नव्हे.

मुलाखतीतील सर्वांत बोलका प्रश्न पैशांचा असतो. ‘पाळी संपताना गल्ल्यात दोनशे रुपये कमी भरले, तर काय कराल?’ घरंदाज मुलगा तत्परतेने सांगतो, ‘खिशातून भरून टाकीन.’ त्याला वाटते, आपण प्रामाणिकपणा सिद्ध केला. रोखीच्या व्यवहाराकडे बँकेच्या नजरेने पाहणाऱ्यास मात्र हे उत्तर धोक्याचे वाटते. खिशातून भरलेल्या दोनशे रुपयांनी चूक झाकली जाते, शोधली जात नाही. कदाचित एखादे बिल दोनदा नोंदले गेले असेल, कदाचित सुटे देताना हात चुकला असेल, कदाचित गल्ल्याला दुसऱ्याच कोणाचा हात लागला असेल. योग्य उत्तर असे: रक्कम पुन्हा मोजेन, पाळीच्या प्रमुखास तत्काळ कळवीन, त्याच्यासमक्ष नोंद करीन. रक्कम जास्त भरली तरी हेच करायचे. बँकेच्या रोखपालाला पहिला धडा हाच मिळतो, की कमी असेल ती कमी आणि जास्त असेल ती जास्त म्हणून लिहिली गेली पाहिजे. आज वाढलेली रक्कम उद्याच्या तुटीसाठी बाजूला ठेवणारा मनुष्य चोर नसला, तरी त्याचा हिशेब कधीच विश्वासार्ह राहत नाही.

दुकानातील आणखी काही सवयी येथे आड येतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला चार दाणे अधिक घालावेत, ओळखीच्याला ‘नंतर द्या’ म्हणावे, हा किराणा व्यापारातील शहाणपणा. साखळी उपाहारगृहात मात्र वजन, दर आणि वेळ वरून ठरलेली असते, औदार्य दाखवण्याचा अधिकार काउंटरवरच्या मुलाला नसतो. रागावलेल्या ग्राहकाविषयी विचारले, तर ‘शांतपणे ऐकून घेईन, चूक आपली असेल तर पदार्थ बदलून मिळण्यासाठी प्रमुखास बोलावीन’ असे म्हणणे उचित.

जैन घरातील उमेदवारासमोर एक प्रश्न अधिकचा असतो, आणि तो व्यवस्थापक विचारीलच असे नाही. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आले, तेव्हापासून तेथे गोमांस व डुकराचे मांस नाही आणि शाकाहारी पदार्थांची तयारी स्वतंत्र ठेवली जाते. तथापि नव्या माणसाला आळीपाळीने निरनिराळ्या जागी काम शिकवण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. मांसाहारी पदार्थ हाताळणे मान्य नसेल, तर ते मुलाखतीतच सांगावे. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी नकार देणे दोघांनाही अडचणीचे होते. हल्दीराम, जंबोकिंग अशा शाकाहारी साखळ्यांचा पर्याय आहे. (बटाटा मात्र तेथेही सुटत नाही, विकणे आणि खाणे यांतील अंतर ज्याचे त्याने ठरवावे.) दुपारची पाळी असेल आणि चौविहार पाळायचा असेल, तर सूर्यास्तापूर्वी जेवणाची सुटी मिळेल काय, हे विचारण्यात संकोच नसावा, डबा घरून नेता येतो. पर्युषणाच्या तिथी आधीच ठाऊक असतात, त्याही सांगाव्यात. मात्र शनिवार, रविवार आणि दिवाळीही नको म्हणणाऱ्यास नोकरी मिळणार नाही, कारण खरी गर्दी त्याच दिवशी असते.

कागदपत्रांत आधार, पॅन, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक लागते. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार आवश्यक आहे. नोंदणी शुल्क वा अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर तेथून उठून यावे. काम देणारा काम मागणाऱ्याकडून पैसे घेत नसतो. नेमणूकपत्रावर कंपनीचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे वाचावे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यास लागू होणाऱ्या राज्य विमा योजनेसाठी वेतनातून ०.७५ टक्का कापला जातो. पहिल्या पगारातील भविष्यनिर्वाह निधीची कपात पाहून घरी कुरकुर होते. परंतु नियमानुसार मालकही त्यात आपला वाटा भरत असतो, आणि घरच्या गादीवर बसलेल्या मुलाच्या नावे असे खाते सहसा कोणी उघडत नाही.

शेवटी व्यवस्थापक विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’ येथे बहुतेक जण मान हलवतात. विचारावे, की पहिला महिना कोणत्या जागी काम शिकवले जाईल, आठवड्याचे वेळापत्रक कोणत्या वारी लागते, आणि रात्री गल्ला कोणाच्या समक्ष मोजला जातो.